खापर फोडण्याआधी खापर वाचायला शिकू या

(दहिवली, ता. कर्जत येथे झालेल्या व्याख्यानाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आयोजकांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, "चौलच्या खापरांवर बोलतो." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "भाई, लोक येतील ना?" तुम्ही आलात, त्याबद्दल आधी तुमचे आभार.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी पुरातत्त्वज्ञ नाही. मी इंजिनिअरिंगची पदवी घेतली, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि आठवड्यातले तीन दिवस कर्जत लोकलने ऐरोलीला जातो. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपरबरोबर संपला होता. तो पुन्हा जुळला तो एका प्रश्नामुळे. हा प्रश्न इथे बसलेल्या बऱ्याच जणांना कधी ना कधी विचारला गेला असेल.

"तुम्ही मूळचे कुठले?"

भाड्याचं घर बघायला गेलो की हा प्रश्न येतो. ऑफिसात नवीन टीममध्ये गेलो की येतो. मी सांगतो, "कर्जत, दहिवली." मग समोरचा म्हणतो, "ते झालं हो, पण मूळचे?" विचारणारा दर वेळी वाईट हेतूने विचारतो असं नाही. मराठी माणूस सगळ्यांनाच गाव विचारतो, आडनाव विचारतो. पण माझं नाव कळल्यावर विचारलेला "मूळचे" हा शब्द थोडा लांब जातो, समुद्रापलीकडे जातो, हे मला जाणवायचं.

दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. आमच्याच घरात लग्न जुळवायच्या वेळी कुणीतरी मोठ्या अभिमानाने सांगायचं, "आपण अरबांच्या खानदानातले. आपले पूर्वज जहाजातून आले." म्हणजे बाहेरचा माणूस ज्या गोष्टीसाठी बोट दाखवत होता, तीच गोष्ट आम्ही घरात मिरवत होतो. या दोघांच्या मध्ये खरं काय आहे ते जमिनीला विचारावं, असं माझ्या डोक्यात आलं. म्हणून मी चौलला गेलो.

दहिवलीचा समुद्राशी काय संबंध?

तुम्ही म्हणाल, आपण राहतो डोंगराच्या पायथ्याशी, आपला बंदराशी काय संबंध? संबंध आपल्या दारातून वाहतो. ही उल्हास नदी. राजमाचीच्या खोऱ्यातून निघते, कर्जतवरून जाते, पुढे कल्याणला पोचते आणि वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. आपली लोकलसुद्धा साधारण त्याच खोऱ्यातून कल्याणला जाते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ते पुस्तक ओळखलं जातं. त्यात कल्याण आहे. तिथे राजकीय भांडण चालू असल्यामुळे ग्रीक जहाज चुकून आलं तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात, अशी तक्रारही आहे. कल्याणनंतर लगेच ‘सेमुल्ला’ हे नाव येतं. तेच आपलं चौल. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या लेखांत त्याच गावाचं नाव ‘चेमुल’ असं येतं. अरबी लेखक त्याला ‘सैमूर’ म्हणतात.

बंदरावर उतरलेला माल घाटावर जायचा आणि घाटावरचा माल बंदरावर यायचा. मध्ये होता बोरघाट आणि त्याच्या आजूबाजूच्या वाटा. आपल्या कोंढाण्याची लेणी, त्या वाटेने चढून गेल्यावर भाजे आणि कार्ले, ही सगळी त्या रहदारीच्या आधाराने उभी राहिली. कोंढाण्याला चैत्यगृहाजवळ एका भंगलेल्या मूर्तीवर ब्राह्मीत एक ओळ कोरली आहे: कान्हाचा शिष्य बालक याने हे केलं. आपल्या तालुक्यातली ही दोन हजार वर्षांपूर्वीची सही आहे. आपल्यापैकी कितीजण ती बघून आले आहेत, हात वर करा. बघा, चारच हात. पावसाळ्यात त्याच रस्त्याने धबधब्यावर मात्र आपण सगळे जातो.

चौलमध्ये काय काम करतात

चौलला इथून खोपोली, पेण, अलिबाग करत जायचं. अलिबागच्या पुढे आक्षी आणि नागाव लागतं. ही दोन गावं नुसती बीचसाठी नाहीत. आक्षीला शिलाहारांच्या काळातला, मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक मानला जाणारा लेख मिळाला. नागावला चौदाव्या शतकातला मराठी शिलालेख आहे. त्यात काळ सांगताना हिजरी ७६९ आणि शके १२८९ अशी दोन्ही वर्षं दिली आहेत. एकाच दगडावर, एकाच मराठी लेखात. हे कुणी आजच्यासारखं ‘ऐक्याचा संदेश’ म्हणून लिहिलेलं नाही. गावात दोन्ही कालगणना चालत होत्या, म्हणून लिहिणाऱ्याने दोन्ही लिहिल्या. कामाची गरज होती.

मग चौल. कुंडलिकेच्या खाडीच्या उत्तरेला, पलीकडे कोर्लईचा किल्ला. आज तिथे गेलात तर नारळी-पोफळीच्या वाड्याच वाड्या. इथे दोन हजार वर्षांचं बंदर होतं असं सांगूनही पटत नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं आणि सातवाहन काळापासूनच्या वस्तीचा पुरावा जमिनीतून वर आणला. तोपर्यंत प्राचीन चौल पुस्तकांत आणि प्रवासवर्णनांत होतं. मातीत ते नेमकं कुठे आहे, हे त्या कामातून दिसलं.

मी गेलो तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, एका छोट्या अभ्यासगटाबरोबर. आमचं उत्खनन नव्हतं, पृष्ठभागाचं सर्वेक्षण होतं. म्हणजे वाडीच्या मालकाची परवानगी घ्यायची, ओळीत पाच-सहा पावलांचं अंतर ठेवून उभं राहायचं आणि खाली बघत सरळ चालायचं. खापर दिसलं की थांबायचं, जागेची नोंद घ्यायची, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा आणि ते होतं तिथेच ठेवायचं. खिशात काही घालायचं नाही, हा पहिल्या दिवशीचा पहिला नियम.

नारळाच्या वाडीत हे काम सोपं नसतं. शेकडो वर्षं लोकांनी तिथे आळी खणली, विहिरी काढल्या, पाट फिरवले. खालची माती वर आली, वरची खाली गेली. त्यामुळे पृष्ठभागावर सातवाहन काळातलं खापर आणि आजीच्या काळातला कौलाचा तुकडा शेजारी-शेजारी पडलेले असतात. उत्खननात थर असतात: खालचा थर जुना, वरचा नवा. वर चालणाऱ्याला तो आधार नसतो. म्हणून प्रत्येक तुकड्याचा पोत, रंग, जाडी आणि काठाचा आकार नीट बघावा लागतो.

गटाच्या प्रमुख एक संशोधक बाई होत्या, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांनी पहिल्या संध्याकाळी आम्हाला बसवून खापरं ओळखायला शिकवली. भूमध्य समुद्राकडून दारू किंवा तेल घेऊन येणारा दोन कानांचा रोमन कुंभ, त्याला अँफोरा म्हणतात. निळ्या-हिरव्या चकाकीची मऊ पिवळट खापरं, ही इराक-इराणकडची. पांढरी, घट्ट, वाजवली तर टणटण वाजणारी चिनी मातीची. आणि मग आपली तांबडी, काळी, खालून धुरकटलेली हंड्या-मडक्यांची खापरं.

आम्हाला सगळ्यांना निळी खापरं हवी होती. निळं दिसलं की पोरं ओरडायची. तीन दिवसांनी मॅडम म्हणाल्या, "तुमच्या फोटोंत निळ्याचे दहा-दहा फोटो आहेत आणि काळ्या मडक्याचा एकही नीट नाही. तिथे राहणारी माणसं चकाकीवर जगत नव्हती, भातावर जगत होती." दुसऱ्या दिवशी आम्ही सगळं मोजलं. बहुतेक सगळी खापरं साधी, स्वयंपाकाची निघाली.

माझ्या फॉर्ममधली चूक

माझ्याकडे काम आलं ते माझ्या धंद्याचं. नोंदी कागदावर होत होत्या. मी एका रात्रीत मोबाइलवर भरायचा फॉर्म तयार केला. जागा आपोआप यायची, फोटो जोडला जायचा. मला फार कौतुक वाटत होतं स्वतःचं. त्यात एक रकाना मी सक्तीचा ठेवला होता: ‘मूळ’. त्यात दोनच पर्याय: स्थानिक आणि परदेशी. दोन्हीपैकी एक निवडल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही.

दुपारी एक विद्यार्थिनी एक जाड तुकडा घेऊन अडली. आतून काळा थर होता, डांबरासारखा. मी पाठ केलेलं सांगितलं, "रोमन अँफोरा. परदेशी टाक." मॅडमनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "रोमन कशावरून?"

मग त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. ती मी पुढे वाचून पडताळली. भारतातल्या अनेक ठिकाणी जाड, परदेशी मातीचं खापर मिळालं की त्याला रोमन अँफोरा म्हणून नोंदवायची वर्षानुवर्षं सवय होती. रोबर्टा टोंबर नावाच्या संशोधिका भारतात फिरल्या, तुकडे पुन्हा हातात घेऊन बघितले आणि २००७ मध्ये त्यांचा लेख आला. ‘रोमन’ म्हटलेले बरेच तुकडे रोमन नव्हते. ते इराक-इराणच्या भागातून आलेल्या ‘टॉर्पेडो जार’ या भांड्याचे होते. या भांड्याला कान नसतात, ते लांबट असतं, तळाशी निमुळतं होत जातं आणि झिरपू नये म्हणून आतून डांबर लावलेलं असतं. इस्लामच्या आधीच्या सासानी काळात आणि नंतर सुरुवातीच्या इस्लामी काळातही ते वापरात होतं. म्हणजे भांडं तेच, व्यापाराची वाट तीच. ते भरणाऱ्यांचा धर्म मधल्या काळात बदलला.

विचार करा, त्या खापराची आधीची पाटी कुणी द्वेषाने लिहिली नव्हती. ग्रीक-रोमन व्यापार आपल्याला पुस्तकांतून माहीत होता, म्हणून नजर तेच शोधत होती. इराकशी चाललेला व्यापार पेटीत पडून होता, फक्त त्याच्यावर दुसऱ्याचं नाव होतं.

मी म्हटलं, "ठीक आहे मॅडम, मग इराकचं. तरी परदेशीच ना?" त्या म्हणाल्या, "हे भांडं तिकडे घडलं. भरून इथे आलं. रिकामं झाल्यावर इथल्या कुणीतरी त्यात पन्नास वर्षं पाणी भरलं असेल. मग फुटलं. तू कुठल्या दिवसाचं मूळ विचारतोस? आणि खात्री नसेल तर काय भरायचं? तुझा फॉर्म खात्री नसलेल्या माणसाला पुढेच जाऊ देत नाही."

त्या रात्री मी ‘मूळ’ हा रकाना काढून टाकला. त्याजागी चार रकाने केले: घडवण्याची जागा (अंदाज), सापडल्याची जागा, वापराच्या खुणा आणि खात्री किती. शेवटच्या रकान्यात ‘सांगता येत नाही’ हा पर्याय टाकला. मंडळी, मी दहा वर्षं फॉर्म बनवतो आहे. ज्या प्रश्नाचा मला घर शोधताना त्रास झाला, तोच प्रश्न मी स्वतः सक्तीचा करून बसलो होतो, हे मला त्या रात्री कळलं.

सैमूरचे दहा हजार

आता लिखित पुराव्याकडे येऊ, कारण खापर एवढंच सांगतं की माल आला. माणसं राहिली का, कशी राहिली, ते दुसरीकडे शोधावं लागतं.

हिजरी ३०४, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, बगदादचा अल-मसूदी हा प्रवासी सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला. ‘मुरूज अज़-ज़हब’ या आपल्या ग्रंथात त्याने लिहिलंय की तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. त्यांच्याशिवाय ‘बयासिरा’ नावाचे लोक. बयासिरा म्हणजे कोण, तेही त्याने सांगितलंय: हिंदच्या भूमीत जन्मलेले मुसलमान. तिथला राजा झंझ, म्हणजे शिलाहार राजा झंझ. तो राष्ट्रकूटांचा मांडलिक. मुसलमानांचे आपसातले व्यवहार बघायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. त्या पदाला ‘हुनरमन’ म्हणत. त्या वेळी ते पद अबू सईद मारूफ बिन झकरिया याच्याकडे होतं.

दहा हजार हा आकडा प्रवाशाचा अंदाज आहे, जनगणना नाही, हे लक्षात ठेवू. पण ‘बयासिरा’ हा शब्द अंदाजाने येत नाही. इथे जन्मलेल्यांना वेगळं नाव द्यावं लागलं, एवढी ती माणसं होती. दिल्लीत सुलतान यायला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षं बाकी होती. दख्खनमध्ये बहमनी राज्य यायला चारशेहून जास्त.

दुसरा पुरावा पालघर जिल्ह्यातला. डहाणू तालुक्यात चिंचणी इथे ताम्रपट मिळाले, ते डी. सी. सरकार यांनी वाचून प्रसिद्ध केले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. मसूदीच्या भेटीनंतर दहाच वर्षं. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने संयान, म्हणजे आजच्या गुजरातच्या हद्दीतलं संजाण, या भागावर एक अधिकारी नेमला होता. त्याचं नाव संस्कृतात ‘मधुमती’ असं लिहिलंय, म्हणजे मुहम्मद. टोपणनाव सुगतिप. तो ‘ताजिक’, म्हणजे अरब. त्याने नद्यांवर होड्यांची सोय केली आणि एक अन्नछत्र काढलं, तिथे भात, कालवण आणि तूप मिळत असे. पुढे एका गृहस्थाने देवीचा मठ बांधला, तेव्हा त्याच्या खर्चासाठी याच अधिकाऱ्याने तिसऱ्या इंद्र राजाच्या परवानगीने गाव आणि जमीन दिली. ताम्रपट त्या दानाचाच आहे.

२००२ ते २००४ या काळात संजाणला उत्खनन झालं. पारशी समाजाच्या एका संस्थेने, वर्ल्ड झरथुष्टी कल्चरल फाउंडेशनने, त्यात पुढाकार घेतला. आपला इतिहास कथेत आहे, तो मातीत तपासून बघू, असं त्यांनी ठरवलं. तिथे पश्चिम आशियातली चकाकीची खापरं मिळाली, त्यांचा रुखसाना नानजी यांनी सविस्तर अभ्यास केला. मला या गोष्टीचा हेवा वाटतो. संख्येने एवढा छोटा समाज, पण त्याने पूर्वजांबद्दल अभिमानाची भाषणं न करता खणायचा खर्च केला.

हा पुरावा कशासाठी वापरायचा नाही

आता माझी खरी काळजी सांगतो. मसूदी आणि चिंचणी ही माहिती मी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तासाभरात दोन प्रकारची उत्तरं आली. एक, "बघा, म्हणजे तुम्ही अरबच." दुसरं, आपल्याच माणसांकडून, "बघा, आम्ही हजार वर्षांपूर्वीचे. आता कुणी बोलून दाखवा."

दोघांनीही त्याच खापराने एकमेकांचं डोकं फोडायला घेतलं. आपल्या भाषेत ‘खापर फोडणं’ हा शब्द आहेच.

पहिल्याला माझं उत्तर असं की चौलला राहिलेल्या बसऱ्याच्या व्यापाऱ्याचा आणि माझा रक्ताचा धागा आहे असं कुठलाही ताम्रपट सांगत नाही. माझे पूर्वज त्या बंदरावरचे हमाल असतील, तारवावरचे खलाशी असतील, वाडीत काम करणारे असतील, कोष्टी असतील. कुठल्या शतकात, कुठल्या कारणाने त्यांनी कलमा पढला, याची नोंद माझ्याकडे नाही.

दुसऱ्याला, म्हणजे आपल्याच माणसाला, थोडं जास्त सांगायचंय. आपल्या घरात शजरा असतो. बापाचा बाप, त्याचा बाप. वर जाऊन एखादं अरबी नाव. त्यात एकही बाई नसते. जहाजातून आलेला पुरुष मान्य केला, तरी त्याला घर कुणी दिलं? त्या काळ्या मडक्यात भात कुणी शिजवला? त्या बाईची भाषा कुठली होती? तिने पोरांना झोपवताना कुठल्या भाषेत गाणं म्हटलं? आपण आज घरात जी बोली बोलतो, ती शजऱ्यातल्या पुरुषांनी आणलेली नाही. निळं खापर दिसलं की ओरडणारी पोरं आणि अरबी आजोबा मिरवणारे आपण, यात मला फार फरक दिसत नाही. बहुसंख्य खापरं काळीच आहेत. या खानदानाच्या मिरवण्यातूनच आपल्यात उच्च-नीच आली, ‘ते आपल्यातले नाहीत’ म्हणून पोरापोरींची लग्नं मोडली. तिथे आपण कुणाला दोष देणार?

आणि नागरिक म्हणून एक गोष्ट अगदी स्पष्ट असू द्या. माझा या देशावरचा हक्क मसूदीच्या पुस्तकावर उभा नाही. संविधानाच्या १४ व्या कलमात कायद्यापुढे समानता दिली आहे, त्यात ‘किती पिढ्यांपासून राहता’ असा रकाना नाही. उद्या कुणी सिद्ध केलं की चौलमध्ये एकही मुसलमान राहिला नाही, तरी माझा हक्क तसूभर कमी होत नाही. हजार वर्षं सिद्ध झाली म्हणून शेजारच्यापेक्षा तसूभर वाढतही नाही. काल इथे आलेल्या मजुराच्या मुलालाही दहिवलीच्या शाळेत तोच बाक मिळाला पाहिजे. आपण ‘आम्ही जुने’ म्हणून भांडलो, तर ‘नवे’ असलेल्यांना हाकलायचा नियम आपणच मान्य केल्यासारखं होईल.

आमचा दगड

मग हे सगळं जपायचं कशासाठी, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर माझ्या एका चुकीतून देतो.

माझं आजोळ अलिबाग तालुक्यात, एका छोट्या गावात. तिथल्या मशिदीच्या पायरीला एक काळा दगड होता. त्यावर तीन ओळी कोरलेल्या होत्या. लहानपणी सुट्टीत गेलो की आम्ही त्यावर बसून चपला काढायचो. काही वर्षांपूर्वी मशिदीची दुरुस्ती निघाली. मीही पंचवीस हजार रुपये पाठवले. काम झाल्यावर मामूंनी व्हिडिओ पाठवला. चकचकीत टाइल्स, नवे नळ. मी खाली लिहिलं, ‘माशाल्लाह’.

चौलहून परत येताना मी आजोळी गेलो. पायरीपाशी उभा राहिलो आणि विचारलं, "मामू, इथला तो अक्षरांचा दगड?"

"तो खालीच आहे," मामू म्हणाले. "त्यावर टाइल्स बसवल्या. खडबडीत होता रे, म्हातारी माणसं अडखळायची."

मला राग आला. मग मामू शांतपणे म्हणाले, "तू व्हिडिओ बघितलास ना? तेव्हा काही बोलला नाहीस."

खरं होतं. छत गळत होतं, लोकांना नमाजला जागा नव्हती, आणि त्या दगडावर काय आहे हे गावात कुणालाही कधी कुणी सांगितलं नव्हतं. त्या सगळ्यांत शिकलेला मी होतो. माझ्याच पैशाच्या टाइल्स त्याच्यावर बसल्या.

मग आम्ही घरातले अल्बम काढले. एका लग्नाच्या फोटोत नवरदेव पायरीवर उभा आहे, त्याच्या मोजडीच्या बाजूला दगडाचा अर्धा भाग दिसतो. तो फोटो मोठा करून एका अभ्यासकाला दाखवला. ते म्हणाले, लेख आहे हे नक्की, पण एवढ्यावरून वाचता येणार नाही. माझ्या फॉर्ममधला शेवटचा पर्याय: सांगता येत नाही. त्या दगडावर मशीद बांधणाऱ्याचं नाव असेल, कुणाच्या मौतीची तारीख असेल, किंवा नागावसारखी दोन वर्षं शेजारी-शेजारी असतील. गावाच्या हातात तो कागद होता, आम्ही तो न वाचताच झाकला. मामूंनी आता जमातीत सांगून ठेवलंय की पुढे कधी ती फरशी निघाली तर मला आधी फोन करायचा. मी वाट बघतोय.

आपण काय करू शकतो

मोठ्या गोष्टी सांगत नाही. चार छोट्या कामांची यादी देतो.

एक. मशीद, दर्गा, कब्रस्तान, देऊळ, समाजमंदिर, कुठेही दुरुस्ती निघाली की काम सुरू होण्याआधी पूर्ण फोटो काढा. सकाळी किंवा संध्याकाळी, तिरपं ऊन असताना काढा, म्हणजे कोरलेली अक्षरं उठून दिसतात. शेजारी पट्टी ठेवा.

दोन. अक्षरं असलेल्या दगडाला चुना, ऑइलपेंट, सिमेंट लावू नका. अडथळा होत असेल तर फोडण्याऐवजी उचलून भिंतीत नीट बसवा, आणि कुठून उचलला ते लिहून ठेवा. अरबी-फारसी लेखांचा अभ्यास करणारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची शाखा आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. त्यांना चांगला फोटो पाठवता येतो.

तीन. चौलला, कोंढाण्याला जरूर जा. पण खापर, वीट, नाणं काहीही घरी आणू नका. जागेवरून उचललेल्या खापराची अर्धी माहिती तिथेच मातीत राहून जाते. विहीर किंवा पाया खणताना काही निघालं तर तलाठ्याला, तहसीलदाराला कळवा. लोक घाबरतात की जमीन जाईल. म्हणून एकट्याने जाऊ नका, चार जण मिळून जा आणि लेखी द्या.

चार. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. त्यांच्या आईचं नाव काय, आजीचं नाव काय, त्या कुठल्या गावच्या. शजऱ्यात एक नवा कागद जोडा. मी माझ्या नानीपासून सुरुवात केली. तिला तिच्या आजीचं नाव आठवायला दोन दिवस लागले. आठवलं तेव्हा ती स्वतःच रडली, कारण ते नाव तिने साठ वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं.

संविधानाच्या ५१-क कलमात नागरिकांची कर्तव्यं आहेत. आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं हे त्यातलं एक, आणि वैज्ञानिक दृष्टी वाढवणं हे दुसरं. ही दोन्ही एकाच यादीत आहेत, हे मला फार बरोबर वाटतं. तपासल्याशिवाय जपलेला वारसा नुसता गर्व होतो.

आता मला कुणी विचारलं, मूळचे कुठले, तर मी चिडत नाही. मी म्हणतो, "दहिवलीचा. आजोळ अलिबागकडचं. त्यामागचं काही सांगता येतं, काही येत नाही. तुमचं कसं आहे?" समोरचा बहुतेक वेळा हसतो आणि विचारात पडतो. कारण त्यालाही त्याच्या आजीच्या आजीचं नाव माहीत नसतं.

येत्या हिवाळ्यात एका रविवारी आपण इथून कोंढाण्याला जाऊ या. पोराबाळांसह, डबे घेऊन. ज्यांना यायचंय त्यांनी बाहेरच्या वहीत नाव लिहा. त्या वहीत फक्त नाव आणि फोन नंबर एवढेच दोन रकाने आहेत, मी तपासून घेतले आहेत.